जिंतूरकरांचे स्टेशन

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा संपादिका भगिनींनी मला विचारले, "काकू, आपल्या भागाच्या इतिहासावर तुम्ही काही लिहाल का?" मी म्हटले, "लिहिते की. रेल्वेवर लिहिते." त्यावर बैठकीत हशा पिकला. एक जण तर म्हणाली, "काकू, जिंतूरला रेल्वे आहे कुठे?"

खरे आहे. जिंतूरला रूळ नाही, फलाट नाही, सिग्नल नाही. परंतु माझा विषय तोच आहे. ज्या गावाला स्टेशन नसते त्या गावालाही एक स्टेशन असतेच. ते फक्त दुसऱ्या गावात असते. आपले स्टेशन सेलूला आहे आणि दुसरे परभणीला. जालना, औरंगाबाद, मनमाड, मुंबई या अंगाला जायचे तर सेलू. नांदेड, हैदराबाद, परळीकडे जायचे तर परभणी. जिंतूरच्या किती सुना या दोन फलाटांवर उतरून या गावात आल्या, किती लेकी तिथूनच गाडीत बसून गेल्या, याची नोंद कोणत्याच दप्तरात नाही. ती आपणच ठेवायला हवी, असे वाटले म्हणून हे चार शब्द.

रेल्वेविषयी लिहिण्याचा मला थोडा अधिकारही आहे. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू, रेल्वेत सांधेवाले होते. माझे माहेर लासूर स्टेशनचे. घराच्या मागच्या दारातून रूळ दिसत. घड्याळ नव्हते, पॅसेंजर गेली की आई चूल पेटवी आणि मालगाडी गेली की आम्ही निजत असू. अशा घरातली मुलगी १९६८ साली जिंतूरला दिली गेली. पहिली रात्र मला झोप आली नाही. नव्या घराची भीती होतीच. पण खरे कारण वेगळे होते. रात्रभर एकही गाडी वाजली नाही!

असो. आता मूळ विषयाकडे वळते.

रेल्वे येण्यापूर्वी आपला सारा भाग बैलाच्या पावलांनी चालत होता. लमाण बांधवांचे बैलांचे तांडे मीठ आणि धान्य वाहत. आपल्या तालुक्यातल्या तांड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात त्या दिवसांच्या गोष्टी आम्ही ऐकल्या आहेत. काळ्या रानात कापूस पिके, पण तो विकायला न्यायचा म्हणजे गाड्यांची रांग लावून कित्येक मुक्काम करायचे. पावसाळ्यात तर काळी चिकण माती चाकाला अशी धरी, की गाडी जागची हलत नसे. त्यामुळे आषाढापासून दसऱ्यापर्यंत सुनेने माहेराचे नावच काढायचे नाही, असा रिवाज होता. रिवाज कसला, रस्ताच नव्हता!

हैदराबाद संस्थानात पहिली रेल्वे १८७४ साली वाडीपासून सिकंदराबादपर्यंत झाली. ती मराठवाड्याच्या उपयोगाची नव्हती. आपल्या भागात आगगाडी आणली ती 'हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे' या मार्गाने. मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परतूर, सेलू, परभणी, पूर्णा, नांदेड असे करीत सिकंदराबादपर्यंत सुमारे ३९० मैलांचा हा मार्ग १९०१ पर्यंत पुरा झाला. रूळ मीटर गेजचे, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. मनमाडला मुंबईची मोठी लाईन होती. तिथे दोन रुळांत साडेपाच फुटांचे अंतर. हा फरक वाचताना किरकोळ वाटतो. परंतु पुढची नव्वद वर्षे मराठवाड्याच्या माणसाने मनमाडला उतरून, गाठोडी डोक्यावर घेऊन, लेकरे काखेत मारून दुसऱ्या गाडीसाठी धाव घेतली ती याच फरकापायी. कापसाच्या गाठीही तिथे एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भराव्या लागत. माणसाला हमाल परवडत नसे, एवढाच काय तो भेद.

हा मार्ग बांधला जात असतानाच १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ पडला. मराठवाड्याने तो फार सोसला. माझ्या सासूबाईंच्या आजेसासूबाई त्या काळातल्या. त्यांनी सांगितलेली गोष्ट सासूबाई आम्हांला सांगत: लोक आगगाडी पाहायला म्हणून सेलूला गेले, आणि डब्यातून उतरणारी धान्याची पोती पाहून त्यांनी इंजिनाला हात जोडले. गोष्ट खरी किती, वाढवलेली किती, ते मी सांगू शकत नाही. पण हात जोडणे मला पटते.

मग ही रेल्वे जिंतूरला का आली नाही? लहानपणी आप्पांनीच मला याचे उत्तर दिले होते, तेव्हा ते माझे सासर होईल हे दोघांनाही ठाऊक नव्हते. ते म्हणत, "इंजिनाला चढ आवडत नाही आणि पैसेवाल्याला वळण आवडत नाही." मनमाडहून नांदेडकडे जाणारा सरळ, सपाट, काळ्या मातीचा पट्टा दुधना आणि गोदावरीच्या अंगाने जातो. रूळ त्या पट्ट्याने गेले. आपले गाव उत्तरेला, डोंगराच्या किनारीशी. नेमगिरीच्या टेकड्या आपल्याला सुंदर दिसतात, यात्रेकरूंना पवित्र वाटतात. रूळ टाकणाऱ्याला मात्र त्या नकोशा वाटल्या असतील.

या एका वळणाने किती फरक पडला पाहा. जिथे स्टेशन झाले तिथे कापूस आला, कापसामागून सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने आले, त्यांच्यामागून अडते, पेढ्या, शाळा आल्या. जालना, सेलू, परभणी, नांदेड ही गावे अशी वाढली. मानवत गाव रुळापासून दूर पडले, म्हणून त्याच्या स्टेशनचे नाव 'मानवत रोड' झाले. रेल्वेच्या भाषेत स्टेशनच्या नावामागे 'रोड' लागला, की समजावे: गाव इथे नाही, गावाला जाणारा रस्ता इथे आहे. या हिशेबाने सेलूला कुणी 'जिंतूर रोड' म्हटले असते तरी वावगे झाले नसते.

निजाम सरकारने ही रेल्वे १९३० साली कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली. त्यानंतर १९३२ मध्ये या रेल्वेने एक निराळीच गोष्ट केली. तिने २७ मोटारी घेऊन रस्त्यावरची वाहतूक सुरू केली! सरकारने चालवलेली ही देशातली पहिली बससेवा समजली जाते. स्टेशनपासून दूर असलेल्या गावांना रुळाशी जोडावे, हा त्यातला विचार. आज आपण ज्या लाल गाडीत बसतो तिच्या वंशवेलीत, निदान मराठवाड्यापुरती तरी, एक आजी रेल्वेची आहे. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, पुढे महाराष्ट्र झाला, आणि १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झाले. एस.टी. आणि रेल्वे यांची घरे वेगळी झाली. मात्र जिंतूरच्या माणसाला अजूनही एकीच्या हातात हात देऊनच दुसरीपर्यंत पोहोचावे लागते.

१९४७-४८ च्या दिवसांविषयी दोन ओळी लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामात मनमाड हे संस्थानाच्या हद्दीबाहेरचे स्टेशन कार्यकर्त्यांचे मोठे केंद्र होते. रझाकारांच्या त्रासाने सीमेजवळची कितीतरी कुटुंबे वऱ्हाडात निघून गेली. आमच्या घरातली मंडळीही रातोरात बैलगाडीने गेली होती. दागिने पिठाच्या डब्यात घालून नेले, असे सासूबाई सांगत. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले आणि मंडळी परतली. पुढे १९५० मध्ये ही रेल्वे भारत सरकारच्या रेल्वेत सामील झाली, १९५१ मध्ये मध्य रेल्वेत गेली आणि १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे निघाल्यावर तिच्यात आली. नांदेडचा स्वतंत्र विभाग झाला तो २००३ मध्ये.

आता मला आठवते ते सेलूचे स्टेशन सांगते.

लग्नाचे वऱ्हाड पॅसेंजरने पहाटे सेलूला उतरले. जिंतूरची एस.टी. यायला वेळ होता. मी शालू सावरीत लोखंडी पेटीवर बसले होते. समोर कंदिलाच्या उजेडात स्टेशन मास्तरांची खोली, तिच्या दाराशी टांगलेला रुळाचा तुकडा (तीच घंटा), तिकिटाची बुटकी खिडकी आणि पाण्याचा माठ. तिकडे मालधक्क्यावर कापसाच्या गाठींची रास. सारे अगदी लासूरसारखे! सासरचे पहिले माणूस ओळखीचे भेटावे तसे मला त्या स्टेशनचे झाले. रडू आवरले ते तिथे.

त्या काळी लहान स्टेशन म्हणजे गावाचे अर्धे सरकारच असे. तिकीट असे जाड पुठ्ठ्याचे, बोटभर. मास्तर ते यंत्रात घालून खट्‌दिशी तारीख उठवीत. तार तिथूनच जाई. आंब्याच्या करंड्या, तुपाचे डबे, शिवणयंत्र, नव्या संसाराची भांडी, सारे पार्सलने येई, आणि पावती हरवली की घरात महाभारत होई. बायकांचा डबा वेगळा असे. त्या डब्यात मी जितके शिकले तितके शाळेत शिकले नाही. कोणत्या गावची हळद चांगली, कोणत्या दवाखान्यात बाळंतपण नीट होते, जावयाला धोतरजोडी किती रुपयांची द्यावी, हे सारे तिथे कळे. सोवळे-ओवळे घरी फार कडक होते. पण डब्यात शेजारणीच्या हातची दशमी खाल्ल्याशिवाय जालना येत नसे.

गाड्यांची टक्कर का होत नाही, हा प्रश्न मला जिंतूरच्या पुष्कळ जणींनी विचारला आहे. एकेरी रूळ आणि दोन्हीकडून गाड्या! त्याची युक्ती आप्पांनी मला दाखवली होती. दोन्ही स्टेशनांवर एक एक यंत्र असे आणि ती दोन्ही तारेने जोडलेली असत. पुढच्या स्टेशनने होकार दिल्यावाचून यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर पडत नसे, आणि एक गोळा बाहेर असला की दुसरा निघत नसे. तो गोळा कातडी पिशवीत घालून, पिशवीला वेताचे मोठे कडे लावून ड्रायव्हरच्या हाती देत. हाती गोळा नाही तर गाडी हलायची नाही. न थांबणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर चालत्या इंजिनातून हात काढून ते कडे दंडात झेलून घेई. आप्पांच्या खांद्यावर त्या कड्याच्या माराचा एक काळा वण होता. तो त्यांना कधी दागिन्यासारखा वाटे, कधी दुखे.

१९७२ च्या दुष्काळात सेलूच्या फलाटाचे दुसरे रूप पाहिले. लाल मिलोची पोती वाघिणींतून उतरत आणि त्याच फलाटावरून माणसे पुण्या-मुंबईकडे चढत. खाणे येत होते आणि खाणारे जात होते. त्यांतली काही परत आली. काहींची घरे अजून कुलूपबंद आहेत.

आता जी गोष्ट सांगायची ती सांगावी की नाही, याचा मी बराच विचार केला. पण तिच्यावाचून हा लेख म्हणजे नुसते वेळापत्रक होईल.

१९७५ च्या श्रावणात दुपारी लासूरहून तार आली: आप्पा फार आजारी, लवकर निघा. धाकटा मुलगा दीड वर्षाचा होता. आमचे हे आणि मी मिळेल त्या एस.टी.ने सेलूकडे निघालो. संध्याकाळच्या गाडीला अवकाश होता. परंतु वाटेत पावसाने गाठले आणि एका नाल्याला पूर आला. अलीकडे आमची गाडी, पलीकडे दुसरी गाडी, मध्ये गढूळ पाणी. कंडक्टर भला माणूस होता. काठी घेऊन तो दर थोड्या वेळाने पाणी किती उतरले ते पाहून येई. दोष कुणालाही देता येत नव्हता. पाणी उतरले आणि आम्ही स्टेशनवर पोहोचलो, तेव्हा गाडीचा मागचा लाल दिवा दिसत होता. मी रेल्वेवाल्याची मुलगी. तो दिवा दिसला म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको होते.

पुढची गाडी पहाटेची. रात्र जनान्या वेटिंग रूममध्ये काढली. तिथे एक लमाण बाई होती, पायांत जड वाळे, कपाळावर घुगऱ्या. तिची सून दवाखान्यात होती. तिने काही विचारले नाही. मुलगा रडायला लागला तसा आपल्या गाठोड्यातला भाकरीचा कुटका पाण्यात कुस्करून त्याला भरवला आणि मांडीवर निजवला. पहाटे गाडीत बसताना तिला नाव विचारायचे राहून गेले. लासूरला पोहोचलो तो दुपार झाली होती. आप्पांना नेऊन आणले होते. आई एवढेच म्हणाली, "संध्याकाळची गाडी वाजली तेव्हा त्यांनी दाराकडं पाहिलं."

मी ती गाडी चुकले होते. पन्नास वर्षे झाली. अजून संध्याकाळी सेलूच्या रस्त्याला लागले की छातीत धडधड होते.

जिंतूरमध्ये असे एखादे दुःख नाही असे घर विरळा. कुणाची परीक्षा चुकली, कुणाची मुलाखत, कुणाचे औषध. आपल्या आणि रुळाच्या मधले अंतर नकाशावर फार नाही. परभणी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, सेलू त्याहून थोडे जवळ. पण ते अंतर माणसाच्या गरजेच्या वेळीच मोठे होते.

मीटर गेजचे मोठे रूळ व्हावेत म्हणून मराठवाड्याने दीर्घकाळ लढा दिला. मराठवाडा जनता विकास परिषदेने आणि तिचे नेते गोविंदभाई श्रॉफ यांनी ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. शेवटी १९९२ मध्ये मनमाड ते औरंगाबाद मोठी लाईन झाली, आणि त्याच दशकात ती जालना, सेलू, परभणीवरून पुढे नांदेडकडे गेली. मनमाडची धावपळ संपली. मुंबईच्या गाडीत सेलूला बसायचे ते मुंबईलाच उतरायचे, हे सुख पहिल्यांदा अनुभवले तेव्हा मी मनमाडला उगीचच जागी होऊन पदर सावरून बसले होते. जुनी सवय! पूर्णा-अकोला मार्गही २००८ मध्ये मोठा झाला. पूर्वी त्या मार्गाने मीनाक्षी एक्स्प्रेस थेट जयपूरला जाई. आमच्या गावच्या मारवाडी भगिनींचे ते माहेरचे वाहन होते.

आता कोळशाची इंजिने गेली. लहानपणी डोळ्यांत जाणारा तो कोळशाचा कण गेला, याचे मला वाईट वाटत नाही. पुठ्ठ्याची तिकिटे गेली, गोळ्याचे कडे गेले, रुळावर विजेच्या तारा आल्या. परभणी ते मुदखेड रूळ दुहेरी झाला. तिकीट तर नातवंडे घरबसल्या फोनवर काढतात. एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून आपणा बायकांना अर्धे तिकीट आहे. रेल्वेत वडीलधाऱ्यांना मिळणारी सवलत मात्र २०२० मध्ये करोनाच्या काळात थांबली, तेव्हा आमच्या वयाच्या बायकांना आपण म्हाताऱ्या झाल्याचा तेवढा फायदाही गेल्यासारखे वाटले.

आणि इतके होऊनही एक गोष्ट तशीच आहे. रात्री उशिरा सेलूला किंवा परभणीला उतरलेली जिंतूरची एकटी मुलगी सकाळपर्यंत कुठे बसते? आज आपल्या मुली परभणीच्या कृषी विद्यापीठात, औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, पुण्यात शिकतात. त्या धीट आहेत, आमच्यासारख्या पेटीवर बसून रडत नाहीत. पण रात्रीचे चाळीस किलोमीटर धिटाईने कापता येत नाहीत. त्यांना गाडी लागते, किंवा विश्वासाचे एक दार लागते.

म्हणून इतिहासाच्या निमित्ताने माझ्या तीन सूचना आहेत. पहिली: मंडळाच्या फळ्यावर सेलू आणि परभणीच्या गाड्यांच्या वेळा, आणि त्यांना जुळणाऱ्या एस.टी.च्या वेळा, दर महिन्याला ताज्या लिहाव्यात. फोनवर सारे असते हे खरे. पण ज्या सासूबाईंना फोन वापरता येत नाही त्यांना फळा वाचता येतो, आणि तो वाचायला आपणच त्यांना शिकवले आहे. दुसरी: सेलू आणि परभणीतल्या आपल्या ओळखीच्या घरांची एक यादी करावी, जिथे अडलेल्या लेकीला रात्रभर थांबता येईल. माझ्या माहितीची दोन घरे मी सांगते. आपण प्रत्येकीने एक सांगितले तरी पुरे. तिसरी: रात्रीच्या गाडीला जुळेल अशी एक एस.टी. मिळावी, असा अर्ज मंडळाने सह्यांनिशी द्यावा. पहिली सही माझी घ्यावी.

जिंतूरला रूळ येतील की नाही ते मी सांगू शकत नाही. आले तर आनंदच आहे. त्या दिवशी मला कुणीतरी फलाटावर खुर्ची टाकून बसवावे. तोवर आपले स्टेशन सेलूलाच आहे, आणि सेलूपर्यंतची वाट ही आपली जबाबदारी आहे. त्या लमाण बाईने माझ्यासाठी जे केले, ते तिला परत करता आले नाही. ते दुसऱ्या कुणाच्या तरी लेकीला परत करता येईल, एवढीच या वयात आशा आहे.

लिहिण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास भगिनींनी सांभाळून घ्यावे. मंडळाला उदंड आयुष्य लाभो.